भिंतीवरची भुकटी

व्हॅक्यूम कोटिंगच्या धंद्यात चेंबरच्या भिंतीवर साचणारी पावडर म्हणजे घाण. चष्म्याच्या भिंगावर थर बसवायचा असो, की मोटारीच्या दिव्याच्या रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियम, सगळं लक्ष त्या वस्तूवर बसणाऱ्या थराकडे असतं. तो गुळगुळीत हवा, घट्ट हवा, नखानं खरवडला तरी निघता कामा नये. त्याच वाफेतला जो भाग इकडेतिकडे जातो, दारावर, शील्डवर, खिडकीच्या काचेवर बसतो, तो वेळच्या वेळी काढून टाकावा लागतो. सातपूरच्या एमआयडीसीत उमेदीची सगळी वर्षं मी हे केलं. शील्ड सँडब्लास्टिंगला पाठवायच्या, भिंती घासायच्या, अल्कोहोलनं पुसायच्या, ओ-रिंगला बोटाच्या टोकानं ग्रीस लावायचं आणि मग पंप सुरू करायचे. पावडर कुठे राहिली तर पुढच्या बॅचच्या भिंगांवर टिंबं उठतात आणि माल परत येतो.

नाशिकच्या एका कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सर शेडमध्ये आले आणि म्हणाले, "मला थर नकोच. तुम्ही जी खरवडून फेकता, तीच भुकटी हवी." मी त्यांना म्हटलं, "सर, भिंतीवरच्या पावडरीत ॲल्युमिनियम आहे, सिलिका आहे, टायटॅनियम आहे, पंपाचं तेलही आहे. ती तुमच्या कामाची नाही. पण स्वच्छ चेंबर घेऊन मुद्दाम पावडरच करायची म्हणत असाल, तर बसून बोलू." माझं एक जुनं युनिट रिकामं पडलं होतं. रिफ्लेक्टरचं काम दुसऱ्या पद्धतीकडे गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी चहा घेत सुरू झालेलं काम आजही चालू आहे, आणि माझ्या हातून झालेल्या सगळ्या कामांत मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

सरांचं काम गॅस सेन्सरचं. उत्तर महाराष्ट्रात या विषयाची जुनी परंपरा आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयापासून नाशिकपर्यंत कितीतरी कॉलेजांतल्या मुलांनी टिन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांची पेस्ट करून ती स्क्रीन प्रिंटिंगनं पट्टीवर छापली, भाजली आणि वेगवेगळ्या वायूंपुढे ठेवून तिचा रोध मोजला. साधनं थोडी लागतात, बुद्धी आणि चिकाटी भरपूर लागते. म्हणून तालुक्याच्या गावीही हे संशोधन रुजलं. १९६२ साली जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडचा पातळ थर वायू ओळखू शकतो हे दाखवलं, आणि त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट मागितलं. स्वयंपाकघरात गॅस गळला की ओरडणारी पेटी त्यातूनच आली. तत्त्व असं: तापलेल्या टिन ऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि कणातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे रोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो चिकटलेला ऑक्सिजन खातो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध खाली येतो. हा सगळा व्यवहार कणाच्या पृष्ठभागावर चालतो, म्हणून कण जितका बारीक तितका सेन्सर तिखट. १९९१ साली क्यूशू विद्यापीठातल्या यामाझोए यांच्या गटानं दाखवून दिलं की टिन ऑक्साइडचा कण सहा नॅनोमीटरच्या आसपास आला की संवेदन एकदम उसळी घेतं.

अशी बारीक पावडर रसायनांच्या मार्गानंही मिळते. टिन क्लोराइडच्या द्रावणात अमोनिया टाका, साका बसतो, तो धुवा, वाळवा, भाजा. सरांची मुलं हेच करत होती. अडचण दोन ठिकाणी होती. क्लोराइड कितीही धुतलं तरी थोडं उरतं आणि सेन्सरच्या वागण्यात ढवळाढवळ करतं. आणि भाजताना कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. सरांना अशी पावडर हवी होती जिच्यात पाण्याचा, आम्लाचा, कशाचाच स्पर्श नाही. घन पदार्थ घ्यायचा, त्याची वाफ करायची, वाफेचीच भुकटी करायची.

वाफ करायला इलेक्ट्रॉन गन. टंगस्टनची तार तापून पांढरी होते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, काही हजार व्होल्टच्या ओढीनं धावतात आणि मुशीतल्या पदार्थावर आदळतात. कोटिंगच्या गनमध्ये चुंबकाच्या जोरावर हा झोत २७० अंशांत वळवून मुशीत सोडलेला असतो, म्हणजे तार मुशीच्या खाली दडलेली राहते आणि तिच्यावर वाफ बसत नाही. मूस तांब्याची, आतून पाणी खेळवलेली. या पद्धतीचा खरा मोठेपणा त्या थंड तांब्यात आहे. झिर्कोनिया वितळायला २,७०० अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं. त्या तापमानाला बहुतेक भांडी स्वतःच पदार्थात मिसळायला लागतात. इथे फक्त झोताखालचा वाटाण्याएवढा भाग वितळतो, आणि तांब्याला टेकलेला भाग घनच राहतो. पदार्थ स्वतःच्याच वाटीत उकळतो. त्यामुळे जी वाफ निघते ती त्याच पदार्थाची.

ऑक्साइड उकळवणं मात्र हातखंड्याचं काम आहे. धातूवर झोत सोडला की तो निमूट तापतो. ऑक्साइड थंड असताना वीज वाहू देत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन त्याच्यावर साचतात आणि मागून येणाऱ्या झोताला ढकलतात. झोत थरथरतो, मुशीच्या काठावर सरकतो. करंट एकदम वाढवला तर मुशीतली ऑक्साइडची गोळी तडकते आणि तुकडे उडतात. काळ्या वेल्डिंगच्या काचेतून बघत करंट इतका हळू चढवायचा की काटा हलतोय की नाही याची शंका यावी. झिंक ऑक्साइडची पांढरीशुभ्र गोळी तापताना आधी फिकट पिवळी होते, मग लिंबाच्या सालीसारखी पिवळीजर्द. तो रंग काठापर्यंत पोचला की समजायचं, गोळी आतून तापली, आता हात थोडा सैल सोडायला हरकत नाही. थंड झाल्यावर ती पुन्हा पांढरी होते. टायटॅनियम ऑक्साइड ऑक्सिजन सोडून काळं पडतं. टिन ऑक्साइड तर वाफ होताना ऑक्सिजनपासून निम्मा-शिम्मा सुटूनच निघतं आणि थंड जागी राखाडी-तपकिरी होऊन बसतं. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा दाब मोजणाऱ्या पेनिंग गेजकडे न बघता या रंगांवरून सांगतो, "काका, सुटलं बघा." मीटर त्याच्यानंतर तेच सांगतो.

इथपर्यंत सगळं माझ्या ओळखीचं होतं. नवं होतं ते पुढचं.

चांगल्या व्हॅक्यूममध्ये, म्हणजे मिलिबारच्या लाखाव्या भागाएवढ्या दाबाला, हवेचा रेणू दुसऱ्या रेणूला धडकण्याआधी सरासरी सहा-सात मीटर जातो. माझं चेंबर त्याहून कितीतरी लहान. म्हणजे मुशीतून निघालेला रेणू कुणालाही न भेटता सरळ भिंगावर जाऊन बसतो आणि थर तयार होतो. तोच दाब एक मिलिबार केला की हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी होतं. वाफेचा रेणू वायूच्या थंड रेणूंना धडकत धडकत निवतो, आपल्यासारख्या दुसऱ्या रेणूंना भेटतो आणि हवेतच कण जन्माला येतो. निफाडच्या थंडीत पहाटे बोललं की तोंडापुढे धुकं दिसतं, तसंच हे. थर आणि भुकटी एकाच वाफेची लेकरं आहेत, वेगळी करतो तो दाब. जपानमध्ये नागोयाला उएदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकात यावर अनेक वर्षं काम केलं. तापलेल्या धातूवरून उठणाऱ्या धुराचा आकार कसा असतो, त्याच्या आतल्या भागात कोणते कण, बाहेरच्या भागात कोणते, हे त्यांनी मन लावून पाहिलं. १९७६ मध्ये ग्रँक्विस्ट आणि बुऱ्हमन यांनी अशा कणांच्या आकारांची वाटणी कोणत्या गणितानं होते तेही मांडलं. सरांनी मला हे निबंध वाचून, समजावून सांगितले. गणित माझ्या आवाक्यातलं नव्हतं, पण धुराची चित्रं बघितली आणि वाटलं, हे तर मी खिडकीतून बघितलंय, फक्त त्याकडे असं पाहिलं नव्हतं.

आता पेच असा की भुकटीला वायू हवा आणि गनला व्हॅक्यूम हवा. जुन्या गनजवळ मिलिबारच्या हजाराव्या भागापलीकडे दाब गेला की ठिणगी पडते, हाय टेन्शन ट्रिप होतं, तार तुटते. वळणाऱ्या झोताची गन यासाठी निरुपयोगी, हे लवकरच कळलं. मग वापरलेली सरळ गन मिळवली आणि चेंबरच्या डोक्यावर वेगळ्या मानेत बसवली. मानेला स्वतःचा डिफ्युजन पंप दिला. मान आणि चेंबर यांच्यामध्ये पाण्यानं थंड केलेल्या दोन तांब्याच्या पट्ट्या, आणि त्यांना झोत जेमतेम जाईल एवढी भोकं. खालून वायू वर घुसायचा प्रयत्न करतो, मानेतला पंप त्याला मधल्यामध्ये ओढून घेतो. अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत ईस्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये छापलेल्या कामाची हीच धाटणी होती. आमचं यंत्र त्यापुढे फार लहान, पण तत्त्व तेच. भोकं एका रेषेत आणायचं काम अंबडच्या एका टूलरूममधल्या कारागिरानं केलं. त्यानं नकाशा दोनदा बघितला, डायल लावला आणि संध्याकाळपर्यंत पट्ट्या हातात दिल्या. अशी माणसं हाताशी असतात म्हणून नाशकात असलं काम करता येतं. या गनचीही एक खोड आहे. वायूचे धन आयन झोताच्या वाटेनंच उलटे वर धावतात आणि तारेच्या नेमक्या मधोमध खड्डा पाडतात. म्हणून तार ठरावीक तासांनी आपणहून बदलायची, तुटायची वाट बघायची नाही.

जगात हा पेच लोकांनी इतरही रीतींनी सोडवलाय. रशियात येकातेरिनबुर्गच्या विद्युतभौतिकी संस्थेत सोकोव्निन आणि इल्वेस यांनी झोत अखंड न सोडता छोट्या छोट्या स्पंदांत सोडला आणि कमी दाबाच्या वायूत झिंक, सिरियम, झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडची पावडर केली. नोवोसिबिर्स्कच्या बुडकर संस्थेतली रीत तर याहून धाडसी. तिथे ईएलव्ही जातीच्या त्वरकातून १४ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, १०० किलोवॅटपर्यंतच्या ताकदीचा झोत थेट उघड्या हवेत काढतात. एवढ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला हवेची फारशी तमा नसते. झोत क्वार्ट्झच्या ढिगावर पडतो, सिलिका उकळते, हवेचा झोत ती वाफ गार करतो आणि फिल्टरमध्ये नॅनोसिलिका जमते. 'तारकोसिल' नावानं ती ओळखली जाते. आमच्याकडे दिवसाला चिमूटभर, तिथे पोत्यांच्या हिशेबानं. याच बुडकर संस्थेत घडलेला आयएलयू-६ नावाचा त्वरक आपल्या वाशीलाही आहे. तिथे त्याचा उपयोग मुख्यतः केबलचं प्लास्टिक पक्कं करण्यासाठी वगैरे झाला. पावडर करण्यासाठी तो कुणी वापरला तर मला फार आनंद होईल. महाराष्ट्रात वाफेतून नॅनोपावडर करण्याचं मोठं काम झालं ते पुणे विद्यापीठात. सुधा भोरासकर यांच्या गटानं प्लाझ्माच्या ज्योतीत धातू उकळवून ॲल्युमिना आणि इतर ऑक्साइडचे कण केले. त्यांची पद्धत वेगळी, पण वाफ, थंड वायू आणि कण हा संसार तोच.

हे काम सुरू असताना मी एकदा जुन्या नाशकात तांबट आळीकडे गेलो होतो. पितळ ओतणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना मी पावडरीबद्दल सांगत होतो. पितळेत जस्त असतं आणि ते ९०७ अंशांनाच उकळतं, तांबं वितळण्याच्याही आधी. त्यामुळे मूस तापली की वरून पांढरा धूर निघतो आणि छपराला कापसासारखं काही लोंबकळतं. बाबांनी भिंतीवर बोट फिरवून मला दाखवलं, म्हणाले, "हेच ना रे? याचा धूर अंगात गेला की रात्री हुडहुडी भरते. आम्ही दूध पितो." तेच ते, झिंक ऑक्साइड. वेल्डर आणि ओतारी लोकांना येणारा तो ताप जगभर नोंदलेला आहे. दूध त्याला उपाय नाही, मोकळी हवा आणि मास्क हाच उपाय, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांच्या नातवाला मास्कचं पाकीट नेऊन दिलं. जस्ताची वाफ हवेत जाळून झिंक ऑक्साइड करण्याची रीत कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून आहे. टायरच्या रबरात ते लागतंच. सातपूरला सीएटचा कारखाना आहे, त्याच्या गेटाबाहेरून जाताना मला नेहमी हा विचार येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या झिंक ऑक्साइडसाठी इलेक्ट्रॉन गन पेटवणं हा विजेचा अपव्यय आहे. ती सराव म्हणून करावी. या पद्धतीचं खरं काम तिथे, जिथे भट्टी हात टेकते: झिर्कोनिया, इट्रिया, हाफनिया असे न वितळणारे ऑक्साइड, किंवा जिथे शुद्धतेला पर्याय नाही. आमच्या टिन ऑक्साइडचं समर्थन शुद्धतेत आहे.

पण यंत्र तयार झालं, धूर दिसायला लागला, तेव्हा कळलं की खरा प्रश्न आत्ता सुरू होतो. कॉलेजातली मुलं येतात ती गनच्या ओढीनं. काळ्या काचेतून निळसर झोत आणि पांढरी तापलेली गोळी बघून त्यांचे डोळे मोठे होतात. माझेही होतात, अजून. मग ती विचारतात, किती किलोव्होल्ट, किती मिलिअँपियर. पावडर गोळा कशी होते हे शेवटी विचारतात. माझ्या मते या सगळ्या उद्योगात तेच पहिलं विचारायला हवं. वाफ करणं ही सुटलेली गोष्ट आहे. वाफेचा कण झाल्यावर तो कुठे जातो, कुठे बसतो, तिथून बाटलीत कसा येतो, यावर पावडर चांगली की वाईट ते ठरतं.

आम्ही मुशीच्या वर एक स्टीलचा पोकळ ड्रम आडवा बसवला, हळूहळू फिरणारा, आणि त्याच्या पोटात द्रवरूप नायट्रोजन भरला. गरम वायूतले बारीक कण थंड पृष्ठभागाकडे आपोआप ओढले जातात. ड्रमच्या एका बाजूला टेफ्लॉनची पाती, ती कण खरवडते, खाली फनेल, खाली बाटली. नायट्रोजनचा कंटेनर तोच, जो गावोगावी कृत्रिम रेतनाचं काम करणारे लोक मोटारसायकलवर नेतात. नाशिक जिल्ह्यात दुधाचा धंदा आहे म्हणून नायट्रोजनची सोय आहे, हे मला माहीत नव्हतं. पुरवठादारानंच सांगितलं की त्याचं मोठं गिऱ्हाईक जनावरांचे दवाखाने आहेत.

पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा सर, मी, सरांच्या दोन विद्यार्थिनी आणि माझ्याबरोबर काम करणारा तो मुलगा असे सगळे वाकून बघत होतो. पावडर म्हणायला मन घेईना इतकी हलकी. चमच्यानं उचलायला गेलं की स्थिर विजेनं चमच्यालाच धरून बसते. बाटली भरलेली दिसते, तराजूवर ठेवली तर भार जवळजवळ नाहीच. नुसत्या गणितानं बघा: वीस नॅनोमीटरच्या झिंक ऑक्साइडच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग पन्नास चौरस मीटरहून जास्त भरतो. दहा नॅनोमीटरच्या टिन ऑक्साइडचा ऐंशीच्या वर. एका चमच्यात एक फ्लॅट.

पण तीच पावडर चेंबरच्या वेगवेगळ्या जागांवरून उचलली तर वेगवेगळी निघते. ड्रमवरची एक, वरच्या झाकणावरची दुसरी, मुशीच्या कडेची तिसरी. मुशीजवळची टिन ऑक्साइडची पावडर गडद, जवळजवळ काळपट. तिला ऑक्सिजन कमी मिळालाय. ड्रमवरची फिकट राखाडी. हवेत पाचेकशे अंशांना भाजली की दोन्ही पांढुरक्या होतात आणि डोळ्यांना सारख्या दिसतात. एक्स-रे विवर्तनाच्या आलेखात मात्र कुंडली कळते. कण जितके लहान तितकी आलेखातली शिखरं रुंद. शेररनं १९१८ मध्ये दिलेल्या सूत्रानं त्या रुंदीवरून आकार काढता येतो. झिंक ऑक्साइडची तीन शिखरं ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर शेजारी शेजारी उभी असतात. पंधरा नॅनोमीटरच्या कणांची ती इतकी रुंद होतात की एकमेकांच्या पायथ्याला टेकतात. ड्रमवरच्या पावडरीचा आलेख रुंद, मुशीच्या कडेच्या पावडरीचा अरुंद. म्हणजे कडेचे कण मोठे. ते साहजिक आहे: जिथे वाफ दाट आणि गरम तिथे कणाला वाढायला जास्त वेळ मिळतो.

म्हणून माझ्या शेडमध्ये एक नियम आहे आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही. ज्या बाटलीत ड्रमवरची पावडर गेली त्या बाटलीत दुसऱ्या जागेची एक चिमूटही जाणार नाही. बाटलीवर चिठ्ठी: पदार्थ, वायूचं मिश्रण, दाब, करंट, तारेचे तास, उचलण्याची जागा, भाजली की नाही. बाटली भरत नाही म्हणून सगळीकडचं एकत्र करण्याचा मोह मुलांना होतो, कारण प्रबंधाला मुदत असते आणि पावडर थोडी असते. मी त्यांना सांगतो, थोडी असू दे, पण तिचा जन्म कुठे झाला ते कळू दे. एकत्र केलेल्या पावडरीवर काढलेला आलेख सुंदर येतो आणि पुढच्या माणसाला तो पुन्हा काढता येत नाही. छापलेल्या कितीतरी निबंधांत पावडर कुठून उचलली याची एक ओळही नसते. ती असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो. हाय टेन्शन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव असतो. अर्थिंग रॉड टेकवल्याशिवाय चेंबरमध्ये हात नाही. झोतामुळे क्ष-किरण निघतात, ते स्टील अडवतं, पण खिडकीला शिशाची काच हवीच आणि मीटर फिरवून तपासणी हवी. सगळ्यात फसवी आहे ती पावडर, कारण ती दिसत नाही. चेंबर उघडताना मास्क, चष्मा, हातमोजे. झाडू नाही, ओल्या कापडानं पुसायचं. तांबट आळीतल्या बाबांची हुडहुडी मी विसरत नाही.

आता हे सगळं कशासाठी? सर पहिल्या दिवसापासून म्हणत आले आहेत, कांद्यासाठी. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि भाव बघत दिवाळीपर्यंत कांदाचाळीत राहतो. पावसाळ्याच्या दमट हवेत चाळीच्या पोटात एखादा कांदा सडायला लागला की वरून काही कळत नाही. वास बाहेर येईपर्यंत आजूबाजूचे गेलेले असतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरणांची हलकी मात्रा दिली की कांद्याला कोंब येत नाही, पण सड त्यानं थांबत नाही. सडणारा कांदा गंधकाची संयुगं सोडतो, अमोनिया सोडतो, ते वास माणसाच्या नाकाआधी पकडले तर तेवढा ढीग उपसता येतो. लासलगावच्याच कल्याणी शिंदे यांनी याच प्रश्नावर 'गोदाम इनोव्हेशन्स' सुरू केलं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये कांदा साठवणीसाठी 'ग्रँड ओनियन चॅलेंज' जाहीर केलं, तेव्हा हा प्रश्न दिल्लीपर्यंत पोचला. आपल्या जिल्ह्याच्या दुखण्यावर आपल्याच जिल्ह्यात सेन्सर घडावा, त्याची पावडरही इथेच व्हावी, ही सरांची इच्छा. ती आता माझीही आहे.

मुलींनी आमच्या पावडरीची पेस्ट केली, ॲल्युमिनाच्या पट्टीवर छापली, मागे हीटर छापला आणि बंद बरणीत सडका कांदा ठेवून मोजमाप घेतलं. ताज्या कांद्याच्या बरणीत रोध थोडा हलला, सडक्याच्या बरणीत धाडकन खाली आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या वाजवण्याजोग्याच होत्या. मग पट्टी एका शेतकऱ्याच्या चाळीत गेली, निफाड तालुक्यात. तिथे अडचण आली पाण्याच्या वाफेची. टिन ऑक्साइड ओलाव्यालाही उत्तर देतं आणि जुलैतल्या चाळीत ओलाव्याशिवाय काही नसतं. शिवाय शेजारच्या शेतात फवारणी झाली की आकडा हलतो, ट्रॅक्टर सुरू झाला की हलतो. बरणीत सरळ उत्तर देणारा सेन्सर चाळीत दहा गोष्टींना उत्तर देतो. ज्यांच्या चाळीत तो लावला होता ते अण्णा शांतपणे म्हणाले, "सर, याला कांदा सडला तेवढंच सांगायला शिकवा. पाऊस पडतोय ते मला दिसतं." सरांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्यावरच पुढचं काम चाललंय: एकाच पट्टीवर तीन-चार वेगवेगळ्या पावडरींचे ठिपके, प्रत्येकाचं वागणं वेगळं, आणि सगळ्यांच्या उत्तरांची एकत्र जुळणी. तिथे प्रत्येक ठिपक्याची पावडर कुठून उचलली याला फार महत्त्व येतं, कारण दोन ठिपके एकसारखे वागले तर एक वाया.

खर्चाचं विचारणारे भेटतात. पंप, चिलर, नायट्रोजन, तारा आणि वीज धरली तर एका ग्रॅमची किंमत बाजारच्या पावडरीच्या कितीतरी पट येते. बाजारची पावडर पोत्यावर मिळते आणि साध्या गॅस अलार्मला ती पुरेशी आहे. पण एका सेन्सरच्या ठिपक्याला लागतात फक्त काही मिलिग्रॅम. जिथे एवढ्याशा पावडरीवर सबंध उपकरणाचं शहाणपण अवलंबून आहे, तिथे ती महाग पण ओळखीची असणं मला परवडणारं वाटतं. विजेचा मात्र भरवसा हवा. मध्येच वीज गेली तर ड्रम थांबतो, वायू वर चढतो, गरम डिफ्युजन पंपाचं तेल चेंबरमध्ये मागे फिरतं, आणि शुद्धतेसाठी केलेला सगळा खटाटोप एका मिनिटात पुसला जातो. म्हणून गनच्या आधी जनरेटर घेतला.

सध्या सरांच्या नव्या विद्यार्थिनीला टिन ऑक्साइडमध्ये थोडं पॅलेडियम हवं आहे, वायू निवडण्याची ताकद वाढावी म्हणून. पॅलेडियमचा दाणा महाग आहे आणि आमच्या फनेलच्या आतल्या बाजूला आजही बरीच पावडर चिकटून राहते. त्यामुळे आधी फनेल बदलायचा ठरलाय: उतार अधिक तीव्र करायचा, आतून टेफ्लॉनचा लेप द्यायचा, आणि ड्रमच्या पातीजवळ आर्गॉनची बारीक फुंकर सोडून कण खाली ढकलायचे. अंबडच्या कारागिराकडे नकाशा गेलाय. फनेल आला की पहिली बॅच पॅलेडियमशिवायच घ्यायची, जुन्या बाटलीशी ताडून बघायची आणि मगच तो दाणा मुशीत ठेवायचा.